बोटीवरची घरघर

प्रश्न : दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर मोबाइलवर अर्धा तास रेकॉर्डिंग केलं. घरी ऐकलं तर नुसती घरघर! याचं संगीत कसं करायचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अर्धा तास विसरा, त्यातले चार सेकंद शोधा. त्याच बोटीवरचं माझंही रेकॉर्डिंग आहे. त्यातून कामाला आला तो फक्त लोखंडी फळी धक्क्यावर आपटल्याचा ‘धडाम्’ आणि मागची साखळीची खुळखुळ. तो तुकडा निम्म्या वेगाने वाजवला. असं केलं की स्वर एक सप्तक खाली जातो, लांबी दुप्पट होते. पत्र्यातून चक्क देवळातल्या घंटेसारखी आस, म्हणजे लांबत जाणारा नाद, निघाली! तानपुऱ्याशी लावून पाहिली, तर काळी एक या पट्टीच्या जरा खाली. मग तुकडाच किंचित वर ओढला.

घरघर बहुतेक वाऱ्याची असणार. ८० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे अगदी खर्जातले आवाज कापून बघा, बरंच मोकळं होईल. पुढच्या वेळी माइकवर केसाळ टोपी घाला. मी एकदा लोकरी मोजा चढवला होता. लोक बघत होते, पण चालून गेलं.

१९४८ साली पॅरिसचे संगीतकार पिएर शेफर यांनी बातिन्योल स्टेशनातली इंजिनं रेकॉर्ड करून हेच केलं, तेही ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. सुई एकाच बंद खाचेत फिरवत ठेवायची, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा. तुम्हाला तर लूपचं बटण आयतंच आहे.

वरून तबला मात्र चढवू नका. आधी इंजिनाचा ठेका मोजा. माझ्या तुकड्यात सहा मात्रांचा निघाला, दादरा तालाच्या अगदी जवळचा.