आखाजीचं माहेर नको वाटतं तेव्हा

चैत्र संपत आला, आखाजी म्हणजे आपली खानदेशातली अक्षय्य तृतीया जवळ आली, की माझ्याकडे एकाच जातीची पत्रं यायला लागतात. श्रावणात कानबाईच्या सणाआधी ती पुन्हा येतात. गावं बदलतात, मजकूर बदलत नाही: लहानपणी घरातल्याच कोणीतरी केलेला लैंगिक अत्याचार, त्याला उलटून गेलेली वीस-पंचवीस वर्षं, आणि ‘मग आता का त्रास होतोय?’ हा प्रश्न. सुटी सुटी उत्तरं देऊन मी थकले, म्हणून या वेळी सगळी एकदम घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आणि पत्रावरून मी निदान करत नाही, कोणी करूही नये, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : वय ३४, चाळीसगाव तालुका. आखाजीला माहेरी जायचं म्हटलं की आठ दिवस आधीपासून धडधड होते, झोप उडते. तिथे माझे एक काका असतात. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी जे केलं ते कोणालाच माहीत नाही. मधली कित्येक वर्षं मी अगदी बरी होते. आता मुलीला नववं लागलं आणि सगळं परत आलं. मिस्टर म्हणतात, जुनं उकरून काय मिळणार?

ताई, मुलीला नववं लागलं, हे तुम्हीच लिहिलंय. तेच उत्तर आहे. तेवढंच अंग, तेवढेच हात समोर वावरायला लागले की बाईला पहिल्यांदा दिसतं, आपण तेव्हा केवढ्याशा होतो. तोवर ‘मी ओरडले का नाही’ हा प्रश्न तिने मोठ्या बाईच्या अकलेने स्वतःला विचारलेला असतो.

साधी आठवण गोष्टीसारखी मनात बसते, तिला सुरुवात-शेवट असतो, तारीख असते. भीतीची आठवण अनेकदा तशी बसत नाही. ती वासात राहते, पावलांच्या आवाजात, दाराच्या कडीत. मेंदूतला धोका ओळखणारा भाग विचार करण्याआधीच घंटा वाजवतो, आणि तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या असताना अंगाला वाटतं की ते आत्ता घडतंय. साठवलेल्या कापसाचा वास सहन न होणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आपल्या भागात, कापूसवाल्या घरात दिलेली बाई हे सांगणार कोणाला?

या वर्षी आखाजीला जाऊ नका. झोके पुढच्या वर्षीही बांधले जातील. कारण द्यायलाच हवं असं नाही. आणि गेलात, किंवा कानबाईच्या रोटांच्या जेवणाला सगळे भाऊबंद जमले, तर मुलीला पोरांच्या ओळीत झोपवू नका, स्वतःजवळ घ्या. त्या काकांच्या आसपास आज कोणती मुलं वाढताहेत, याचाही विचार करावा लागेल, पण तो एकटीने नको. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मिस्टरांना हे वाचायला द्या. उकरायला ते पुरलेलं नव्हतंच, वरच होतं.

प्रश्न : हे सगळं विसरायची गोळी आहे का?

नाही.

झोप, धडधड, उदासी यांवर सर्ट्रालिनसारखी औषधं उपयोगी पडतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि ती डॉक्टरच्याच देखरेखीखाली घ्यायची असतात. मेडिकलवाल्याने ओळखीने दिलेली अल्प्राझोलमची, म्हणजे गुंगीची, गोळी म्हणजे उपचार नव्हे. तिची सवय लागते, ती मनाने एकदम बंदही करू नये, आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या पुतणीला दातखिळी बसते, हातपाय झाडते, मग तासभर गप्प. भगताने बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. नंतर फिटच्या गोळ्या चालू केल्या, पण मेंदूचा आलेख नॉर्मल आहे. शेजारच्या बाई म्हणतात, हिच्यावर काहीतरी ‘तसलं’ झालंय.

भगत आणि शेजारच्या बाई, दोघांनाही निदानातून रजा द्या. आलेख नॉर्मल आला म्हणून मिरगी नाहीच असं होत नाही, म्हणून आधी मेंदूविकारतज्ज्ञ. गोळ्या परस्पर बंद करू नका. मिरगी नसलेले झटकेही येतात, मनावरचा असह्य ताण शरीरातून बाहेर पडतो तेव्हा. ती मुलगी नाटक करत नसते, हे लिहून ठेवा. अशा झटक्यांमागे कधी अत्याचार असतो, कधी परीक्षा, कधी लग्नाची बोलणी, कधी घरातली मारझोड. तिला एकटीला, घरच्यांना बाहेर बसवून, कोणीतरी शांतपणे विचारायला हवं, आणि ते ‘कोणीतरी’ प्रशिक्षित हवं. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. या आठवड्यात जा.

प्रश्न : अमळनेरहून लिहिते. मुलगी २२ वर्षांची. गेल्या वर्षी तिने सांगितलं की ती अकरा-बारा वर्षांची असताना माझ्या नणंदेच्या मुलाने तिच्याशी वाईट वर्तन केलं, दोन वर्षं. आम्ही त्याला बोलावून विचारलं, त्याने माफी मागितली, घरातल्या घरात मिटवलं. आता तिचं लग्न जमतंय, तर ती चिडचिड करते, हातावर ब्लेडने ओरखडे काढते. मुलाकडच्यांना सांगावं का? लग्नाआधी डॉक्टरकडून तपासून खात्री करून घ्यावी का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘मिटवलं’ या शब्दापाशी अडले. काय मिटलं? भाच्याने मान खाली घातली, नणंद रडली, कोणीतरी म्हणालं असेल की आपलेच दात नि आपलेच ओठ, मग चहा झाला. मुलगी त्या वेळी आतल्या खोलीत असणार. तिला कोणी विचारलं, की तुला काय हवंय? तुमच्या पत्रात तरी तसं कुठे नाही. तुमचं संकट मिटलं. तिचं त्या दिवशी पक्कं झालं.

हे कठोर वाटेल, पण गेली अठ्ठावीस वर्षं मी हेच पाहतेय. असल्या मुलांना मार दोनदा बसतो. पहिला त्या माणसाकडून. दुसरा, सांगितल्यावर घर जसं वागतं त्याचा. पहिला आपल्या हातात नव्हता. दुसरा पूर्ण आपल्या हातात असतो, आणि अभ्यासांत वारंवार आढळलंय की मूल पुढे किती सावरतं हे बरंचसं त्यावर ठरतं, की ज्याला त्याने पहिल्यांदा सांगितलं त्याने, बहुतेक वेळा आईने, विश्वास ठेवला का आणि पाठीशी उभी राहिली का. ‘कोनले सांगू नको’ हे वाक्य आधी तो माणूस म्हणतो. नंतर तेच वाक्य, त्याच अहिराणीत, माय म्हणते. मुलीच्या कानात दोन्ही आवाज एकच होतात.

म्हणून तिची चिडचिड ‘आता लग्नाच्या वेळेला’ नाहीये. हळदीला तोच भाचा भाऊ म्हणून पुढे पुढे करणार, आणि ही शेजारी उभी राहून फोटो काढणार, हे तुम्ही गृहीत धरलंय आणि तिला ते कळलंय. ब्लेडचे ओरखडे हे लक्ष वेधण्याचे चाळे नव्हेत. आतली वेदना किंवा बधिरपणा सहन होईना की काही जण अंगाला इजा करून क्षणभर सुटका मिळवतात. पण पुढे जिवाचा धोका वाढू शकतो, म्हणून तपासणी या आठवड्यात हवी, सुपारी फुटल्यावर नको. तोवर तिला एकटं सोडू नका, औषधं-फवारणीचे डबे कुलपात ठेवा. मरणाचं बोलली तर त्याच घटकेला रुग्णालय.

तिच्याशी आज बोला. मी तेव्हा तुझ्या बाजूने उभी राहिले नाही, ते चुकलं. तुझा काही दोष नव्हता. एवढंच. ‘पण’ जोडू नका.

लग्नाचं. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, कधी, किती, हे तिनं ठरवायचं, तिच्या समुपदेशकाशी बोलून. ती थांबा म्हणाली तर बोलणी थांबवा. आणि ‘तपासून खात्री’ कसली करणार? कौमार्य ठरवणारी वैद्यकीय तपासणी अस्तित्वातच नाही. अत्याचार झालेल्या बायकांवर केली जाणारी ‘दोन बोटांची’ चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा खडसावून सांगितलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी. तुमच्या मुलीला या विचाराचा सुगावासुद्धा लागू देऊ नका.

कायद्याचंही ऐकून ठेवा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याखालच्या तक्रारीला मुदतीचं बंधन नाही, असं केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तक्रारीत तिचं मत आधी, पण तुमच्यावर काय जबाबदारी येते ते वकिलाकडून समजून घ्या. भाच्याजवळ आज लहान मुलं असतील तर थांबायला जागाच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अत्याचार झालेल्यांना मदत देणाऱ्या सरकारी मनोधैर्य योजनेचंही तिथेच विचारा.

प्रश्न : ‘तीन बैठकांत बालपणीच्या जखमा पुसा, संमोहनाने दडलेल्या आठवणी बाहेर’ अशी जाहिरात पाहिली. फी २१ हजार. घ्यावं का?

नाही. २१ हजार वाचवा. संमोहनात ‘बाहेर आलेल्या’ आठवणी खऱ्याच असतात असं नाही. सूचनेने न घडलेलंही आठवायला लागतं, आणि मग खऱ्यावरचाही विश्वास उडतो. ज्यांचा पुरावा आहे त्या पद्धती म्हणजे आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी). त्यांना बैठकांमागून बैठका लागतात आणि सुरुवात झोप, सुरक्षितता, श्वास अशा कंटाळवाण्या गोष्टींपासून होते. पहिल्याच दिवशी सगळं सविस्तर सांगायला लावणाऱ्यापासून उठून या. समोरच्याची पदवी विचारायला लाजू नका. भिंतीवरच्या फ्रेम मोजू नका, त्यात काय लिहिलंय ते वाचा.

प्रश्न : मी पुरुष, ४१, शिरपूर. आठवीत असताना मोठ्या चुलत भावाने माझ्यासोबत केलं. पुरुषाने हे कोणाला सांगायचं? दारू वाढलीय, रागावर ताबा नाही. ऐकलंय की ज्याच्यावर होतं तो पुढे तेच करतो. मुलांना जवळ घ्यायची भीती वाटते.

दादा, ऐकलेलं चुकीचं आहे. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांतले बहुतेक जण कधीही कोणावर करत नाहीत. तुम्ही तर भीतीपोटी स्वतःच्या लेकरांपासून लांब बसलाय. मुलांना याचा अर्थ एवढाच कळतो की पप्पांना आपण आवडत नाही.

पुरुषांचं म्हणाल, तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांचा अभ्यास छापला. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्या सांगणाऱ्यांत निम्म्याहून किंचित जास्त मुलगेच होते. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. आपल्या पारावर तेवढा होतो.

राग, ‘मी वायाच गेलोय’ ही भावना, जवळच्या माणसाशी जुळवून न घेता येणं, हे तिन्ही नेहमीच्या आघात-लक्षणांसोबत आलं की त्याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या आजाराचा गुंतागुंतीचा प्रकार, म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ते आहे. तुम्हाला तेच आहे का, हे तपासूनच ठरेल. दारू रोजची आणि भरपूर असेल तर एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. तीही डॉक्टरच्या मदतीने सोडायची. दोन्ही उपचार बरोबर चालतात. ‘आधी दारू सोडतो, मग येतो’ म्हणणारे बरेच जण येतच नाहीत.

प्रश्न : लग्नाला आठ महिने झाले. जवळ गेलं की पत्नीचं अंग ताठ होतं, रडते. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात शरीर नॉर्मल आहे. तिच्यासोबत लहानपणी काही झालंय का, हे कसं काढून घेऊ?

काढून घेऊ नका. असं होण्याची कारणं अनेक आहेत, त्यांतलं ते एक. नुसती भीती, दुखणं, अज्ञानही असतं. ‘तुला नको असेल तेव्हा मी थांबेन’ असं म्हणा आणि खरंच थांबा. घरच्या बायकांची पाळत आणि गोड बातमीची चौकशी तुम्ही अंगावर घ्या. दोघं मिळून मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, ती तयार असेल तेव्हा. सांगायचं असेल तर ती सांगेल, कदाचित तुम्हाला नाही, तिथे.

प्रश्न : रावेर. नात सात वर्षांची. म्हणते, अमुक घरी आले की मला खोलीत नेतात, मला आवडत नाही. ते जावयाचे सख्खे भाऊ. लेकीचा संसार आहे. परीक्षा होईपर्यंत थांबून बघू का?

आजी, नाही. आज १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा. तो माणूस नातीजवळ एकटा पोहोचणार नाही, हे आत्तापासून बघा. तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, त्याला जाब विचारायला जाऊ नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, गणवेश न घातलेल्या पोलिसांनी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. माहीत असून न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षेचा.

प्रश्न : तुमच्याकडे आलो तर गावात कळेल ना?

माझ्याकडून नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं मला बंधनकारक आहे. एक अपवाद उघड सांगते: अठराच्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर डॉक्टरलाही कळवावंच लागतं.

मानसोपचाराच्या पाटीखाली बसायची लाज वाटत असेल तर आधी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरात माणसं असतील तर मळ्यात जाऊन करा, आणि बोलणं झालं की नंबर मोबाइलमधून पुसून टाका.