स्पितीत गोठलेल्या धबधब्यावर चढायला शिकायचंय, कोणती आइस ॲक्स घेऊ?

तुम्ही साताऱ्यात राहता, सह्याद्रीत दोर लावून कातळ चढता, येत्या जानेवारीत स्पितीला शिकायला जाणार आहात आणि 65 सेंटिमीटरची सरळ दांड्याची आइस ॲक्स स्वस्तात मिळतेय, ती घेऊ का असं विचारलंय. माझं उत्तर: नका घेऊ. ॲक्स वाईट नाही, पण ती वेगळ्या कामाची आहे.

तसली लांब ॲक्स हिमनदीवर आणि बर्फाच्या उतारावर चालण्यासाठी असते. डोक्याकडून धरून हात खाली सोडला की दांड्याचं खालचं टोक घोट्यापाशी यावं, हे तिचं माप. घसरलात तर अंगाचा भार टाकून तिचं पिक, म्हणजे डोक्याचं टोकदार पातं, बर्फात रोवायचं आणि थांबायचं, म्हणजेच सेल्फ अरेस्ट. यात तिला तोड नाही. पण उभ्या, टणक बर्फावर सरळ दांड्यामुळे दर घावाला बोटं आपटतात.

धबधब्यासाठी लागते ती साधारण 50 सेंटिमीटरची, वाकड्या दांड्याची जोडी. दांड्याच्या बाकामुळे बोटं बर्फापासून लांब राहतात. मुठीखाली आधार असतो, त्यामुळे सगळा वेळ करकचून धरावं लागत नाही. पिकला उलटा बाक असतो, म्हणून ते रुततं घट्ट आणि निघतंही चटकन. खरेदी करताना शिक्का बघा: जुन्या ॲक्सवर बी (बेसिक) किंवा टी (टेक्निकल), नव्यांवर 1 किंवा 2. तुमच्या कामाला टी, म्हणजे 2.

तरीही पहिल्या वर्षी जोडी विकत घेऊ नका असंच मी सांगेन. शिकवणाऱ्यांकडे हत्यारं असतात. दोन-तीन प्रकारच्या वापरून बघा, कोणती हाताला बसते ते तिथेच कळेल. पैसे हातमोज्यांवर खर्च करा: चढताना पातळ, खाली उभं राहून बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळताना, जाड, आणि भिजले तर बदलायला आणखी एक जोड.

आता वापराबद्दल, कारण कातळावरून येणारे इथेच अडतात. आपल्याला पकड शोधायची सवय, इथे ती आपण तयार करायची असते. फुगीर बर्फावर घाव घातला तर ताटाएवढी ढलपी सुटून तोंडावर येते. खळगा शोधा, तिथे पिक टिकतं. कोपर वर, नेम धरलेल्या जागेकडे, आणि शेवटच्या क्षणी मनगटाचा झटका. ताकदीपेक्षा हा झटकाच काम करतो. घाव नीट बसला की आवाज भरीव येतो. पोकळ आला तर दुसरी जागा बघा. भार देण्याआधी हलकेच खाली ओढून पाहा. काढताना दांडा वर-खाली हलवा. डावी-उजवीकडे पिळलात तर पिक मोडू शकतं. दोन्ही ॲक्स एकाच उंचीवर, शेजारी शेजारी मारू नका, मधला बर्फ फुटतो. आणि क्रॅम्पॉनची, म्हणजे बुटांखाली बांधायच्या काट्यांची, पुढची टोकं रोवल्यावर टाचा खाली ठेवा. टाचा उचलल्या की टोकं सुटू लागतात, पोटऱ्या थरथरतात आणि सगळा भार हातांवर येतो.

इथे साताऱ्यात सराव करायचा असेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून पोटऱ्यांचा व्यायाम करा आणि आडव्या बारला लटकायची सवय लावा. कुणाकडून ॲक्स मिळाल्या तर वखारीतून जाड ओंडका आणून त्यावर नेम बसवा, डोळ्याला चष्मा लावून. मात्र अजिंक्यताऱ्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही किल्ल्याच्या कड्यावर पिक चालवू नका, ही मनापासून विनंती. बेसॉल्टवर पिक बोथट होतंच, पण कातळावर उठलेले ओरखडे परत भरून येत नाहीत.

बोथट पिकला धार हाताच्या कानशीनंच लावा. ग्राइंडरवर पोलाद तापतं, त्याचं पाणी उतरतं आणि मग ते टणक बर्फात टिकत नाही.