एकशे एक डॉलर आणि एकशे पंचवीस सह्या

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला टाकलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "काकू, उभी राहू का? आणि राहिले तर स्कूल बोर्डाला की काउंटीला?" प्रश्न दोन्ही बरोबर आहेत, क्रम तेवढा उलटा आहे. कुठल्या खुर्चीसाठी ते ठरल्याशिवाय उभं राहायचं की नाही याला उत्तरच नाही.

मी काही पुढारी नाही. तीन प्रचारांत खजिनदार होते, तिन्ही एकाच बाईंचे. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. पहिल्यांदा त्या स्कूल बोर्डाला पडल्या, चार वर्षांनी तिथेच निवडून आल्या, आणि नंतर सुपरवायझरच्या, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या सभासदाच्या, जागेसाठी जूनच्या प्रायमरीतच (पक्ष आपला उमेदवार निवडतो त्या फेरीतच) गारद झाल्या. तिन्ही वेळची बँक स्टेटमेंटं आणि पावत्या माझ्याकडे बुटांच्या खोक्यात आहेत. आज सकाळी ते खोकं काढूनच लिहायला बसले.

परवा फोनवर तू दोन गोष्टींवर चिडली होतीस. एक, मुलाच्या शाळेच्या आवारात ट्रेलरमध्ये भरणारे वर्ग. दुसरी, घरामागच्या डेटा सेंटरची रात्रभर चालणारी घरघर. या दोन चिडी दोन वेगवेगळ्या टेबलांवर जातात, आणि हे उमेदवारांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

पुण्यातल्या बहिणीला मी सांगते, काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद समज. पण ते अर्धंच खरं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या शाळा असतात. इथे शाळांसाठी वेगळं निवडून दिलेलं बोर्ड. (तेही व्हर्जिनियात १९९२ च्या कायद्यानंतर. तोवर सगळीकडे नेमणुकाच व्हायच्या.) हे बोर्ड सुपरिंटेंडेंट, म्हणजे शाळांचा मुख्य प्रशासक, नेमतं, कुठल्या गल्लीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार त्या हद्दी आखतं, शाळेचं कॅलेंडर ठरवतं. पण कर लावायचा अधिकार त्याला नाही. जानेवारीत शाळांचं बजेट मांडलं जातं, बोर्ड त्यावर हात फिरवतं आणि मागणी सुपरवायझरांपुढे ठेवतं. घराच्या दर शंभर डॉलर किमतीमागे किती सेंट कर घ्यायचा आणि त्यातला शाळांना किती द्यायचा, हे सुपरवायझर ठरवतात. स्वयंपाक सुनेकडे आणि कोठीच्या किल्ल्या सासूकडे, असा हा संसार आहे.

आता तुझे ट्रेलर घे. हद्दी बदलून ते हलवायचे तर काम स्कूल बोर्डाचं. पण ती मुलं जिथून आली ती टाउनहाउसं बांधायला परवानगी सुपरवायझरांनी दिली. डेटा सेंटर तर पूर्णच त्यांच्याकडे. तुझ्या लाउडन काउंटीत मार्च २०२५ पर्यंत काही भागांत डेटा सेंटर सुनावणीशिवाय, आपोआप मंजूर होत असत. ते दार सुपरवायझरांनी तेव्हा बंद केलं. आणि गंमत अशी, की त्याच डेटा सेंटरच्या यंत्रसामग्रीवरच्या करातून काउंटीची तिजोरी भरते आणि त्यातूनच मुलाच्या बाईंचा पगार होतो. हे दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगता आलं, तर तू सुपरवायझरला उभी राहा. ते जमणार नसेल तर अजून वर्षभर मीटिंगांना बस. मागच्या रांगेत, वही घेऊन. कोण कुणाकडे बघून मत देतं ते व्हिडिओत दिसत नाही.

लाउडनमध्ये दोन्ही मंडळं नऊ-नऊ जणांची आहेत, आठ डिस्ट्रिक्टांतून आठ आणि एक सगळ्या काउंटीतून. २०२० च्या जनगणनेत काउंटी ४ लाख २० हजारांची होती. म्हणजे एका डिस्ट्रिक्टमध्ये पन्नासेक हजार माणसं. आपल्याकडच्या नगरपालिकेएवढा हा जीव. घाबरू नकोस, पण ओळखीपाळखीवर निघेल इतकाही लहान नाही.

आता सह्या. भारतात अनामत भरतात आणि मतं फारच कमी पडली तर ती जप्त होते. इथे स्कूल बोर्डाला पैसे भरायचे नसतात, आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या १२५ नोंदणीकृत मतदारांच्या सह्या आणायच्या असतात. आम्हाला वाटलं, त्यात काय मोठंसं! पहिल्या वेळी पाडव्याच्या कार्यक्रमात हॉलच्या दारापाशी, श्रीखंड-पुरीच्या रांगेशेजारी टेबल टाकलं आणि दोन तासांत नव्वद सह्या गोळा केल्या. माणसं इतक्या प्रेमानं सही करत होती! एका वहिनींनी तर आपली करून खालच्या ओळीवर लगेच दुसरी सुरू केली. "यांचीही मीच करते, ते गाडी पार्क करतायत." मी पेन काढून घेतलं तर रागावल्या.

रात्री जेवणाच्या टेबलावर मतदार यादी घेऊन बसलो. नव्वदातल्या चौतीस उरल्या. कुणी ग्रीन कार्डवर, कुणी रस्त्यापलीकडच्या डिस्ट्रिक्टमधले, कुणी नागरिक होऊन दहा वर्षं झाली तरी नावच नोंदवलेलं नाही, आणि पाच जण तर मेरीलँडहून जेवायला आलेले. ताईंनी यादी मिटली आणि उरलेलं श्रीखंड खाल्लं, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही लायब्ररीच्या बाहेर उभ्या राहिलो. तिथे माणूस थांबला की आधी पत्ता विचारायचा, मग क्लिपबोर्ड पुढे करायचा.

तेव्हा १२५ हव्या असतील तर दोनशे घे, आणि निम्म्याहून जास्त सह्या स्वतः घे. सही तुझ्यासमोर झाली पाहिजे. प्रत्येक कागदावर सह्या गोळा करणाऱ्यानं तशी शपथ नोटरीसमोर घ्यायची असते. १ जानेवारीपासून सुरू करता येतं आणि जूनच्या तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सातला दार बंद होतं. मे महिन्यावर ढकलू नकोस. मे महिन्यात प्रत्येक घरात ग्रॅज्युएशन असतं आणि दार कुणी उघडत नाही.

पैशांचं माझं खातं, तेव्हा इथे जरा रेंगाळते. व्हर्जिनियात उमेदवाराला कुणी किती द्यावेत यावर मर्यादाच नाही. ऐकायला बरं वाटतं, पण ही सोय तुझ्यापेक्षा बिल्डरच्या जास्त उपयोगाची. बंधन आहे ते हिशोबाचं. एका माणसाकडून एकूण शंभर डॉलरच्या वर आले की त्याचं नाव, पत्ता, धंदा, मालक, सगळं रिपोर्टमध्ये लिहायचं आणि ते कुणालाही वाचता येतं. आणि आपली माणसं काय देतात? एकशे एक. शुभ म्हणून! पहिल्या घरगुती सभेत पंधरा पाकिटं आली, प्रत्येकात एकशे एक डॉलरचा चेक. त्या वरच्या एका डॉलरपायी पुढचा आठवडा मी पंधरा घरी फोन करून "तुमच्या कंपनीचं पूर्ण नाव काय?" विचारत बसले. एका काकांना ते आवडलं नाही, त्यांनी चेक परत मागितला. पुढच्या वेळी मी आमंत्रणातच लिहिलं, एकावन्न द्या, तेही शुभच असतात.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. एच-वन व्हिसावर असलेल्या माणसाकडून एक डॉलरही घेता येत नाही, निवडणूक कितीही लहान असो. तो केंद्राचा कायदा आहे. ग्रीन कार्डवाला देऊ शकतो, फक्त मत देऊ शकत नाही. हे तोंडावर विचारायला जड जातं. आपल्या समाजात कुणाला कागदपत्रांविषयी विचारणं म्हणजे पगार विचारण्यासारखं. पण विचारायचं. फॉर्मवर एक चौकट छाप आणि ती सगळ्यांनाच भरायला लाव, म्हणजे कुणाला एकट्याला विचारल्यासारखं होत नाही.

तुझे बाबा म्हणाले, "श्री ठाणेदार झाले की नाही?" झाले. बेळगावकडचे मराठी गृहस्थ, २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे लाखो डॉलर घालून तिसरे आले, २०२० मध्ये राज्याच्या सभागृहात गेले, २०२२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर. पडल्यावर पुन्हा उभं राहण्यापुरतं ते उदाहरण घे. पैशांचं घेऊ नकोस, तुझ्या घराचे हप्ते चालू आहेत.

आणि मंडळाच्या गणपतीत स्टेजवरून तुझ्या नावाची घोषणा करायला कुणी उत्साही कार्यकर्ता निघाला तर त्याचा माईक तूच काढून घे. मंडळं, देवळं करमाफीच्या ज्या कलमाखाली चालतात, त्यात उमेदवाराचा प्रचार करायला १९५४ पासून बंदी आहे. आरतीला जा, प्रसाद घे, पार्किंगमध्ये माणसांशी बोल. प्रचाराची पाटी मात्र गाडीतच ठेव.

स्कूल बोर्डाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. त्यावर विसंबून पहिल्या वेळी ताईंनी कुणाचाच पाठिंबा घेतला नाही, सगळ्यांच्या म्हणून राहिल्या. मतदानाच्या दिवशी दाराबाहेर दोन्ही पक्षांची माणसं रंगीत नमुना मतपत्रिका वाटत होती. लोक आत जाऊन त्या कागदावरून नावं जुळवत होते, आणि आमचं नाव एकाही कागदावर नव्हतं. मला अजूनही वाटतं की शाळेच्या बोर्डात पक्ष नसावेत. पण दुसऱ्या वेळी आम्ही पाठिंबा मागितला, तो मिळाला, आणि ताई निवडून आल्या. तुला काय पटतं ते तू ठरव, मात्र डोळे उघडे ठेवून. तुझ्या ओळखीत कुणी केंद्र सरकारच्या नोकरीत राहून उभं राहणार असेल तर त्याला आधी हॅच ॲक्ट, म्हणजे अशा नोकरदारांच्या राजकारणावर बंधनं घालणारा कायदा, वाचायला सांग. निःपक्ष निवडणूक लढवता येते, पण पक्षाचं लेबल लागलं की नोकरीवर येतं.

दारांविषयी काय लिहू? ते लिहून कळत नाही. एक सांगते. ऑगस्टची दुपार, मुलांच्या सायकली पडलेल्या एका बंद गल्लीत आम्ही चौदावं घर वाजवलं. भांडी घासायचे पिवळे मोजे घातलेली एक बाई बाहेर आली, कोपरापासून फेस ओघळत होता. ताईंनी पाठ केलेलं सुरू केलं. तिनं मध्येच तोडलं, "गेल्या वर्षी बस रोज वीस मिनिटं उशिरा यायची. तुम्ही काय करणार?" ताई म्हणाल्या, "मला माहीत नाही. विचारून येते." वहीत घर नंबर लिहिला. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो, फक्त त्या एका दारासाठी, तिच्या बसच्या मार्गावर ड्रायव्हरच कमी आहेत एवढंच सांगायला. प्रश्न सुटला नव्हता. बाईंनी मत कुणाला दिलं मला ठाऊक नाही, पण तिच्या अंगणात आमची पाटी लागली आणि त्याच गल्लीत आणखी तीन मागितल्या गेल्या.

आपल्या लोकांच्या दारात मात्र तयारीनं जा. तिथे पहिला प्रश्न टीजेचा, म्हणजे फेअरफॅक्समधल्या थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नावाजलेल्या हायस्कुलाचा. फेअरफॅक्सच्या बोर्डानं २०२० मध्ये त्या शाळेची प्रवेश परीक्षा काढून टाकली, पालक कोर्टात गेले, २०२३ मध्ये अपील कोर्टानं बोर्डाच्या बाजूनं निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तरी त्या सोफ्यावर खटला अजून चालू आहे. लाउडनचं बोर्ड टीजेचे नियम ठरवत नाही, हे सांगितलं की लोकांना वाटतं तू अंग चोरतेस. सांगच. आणि मग स्वतःचं मत विचारलं तर तेही सांग, चहा थंड झाला तरी चालेल.

रात्रीच्या मीटिंगा लांबतात. २२ जून २०२१ ला लाउडनच्या स्कूल बोर्डाची सभा इतकी तापली की बेकायदा जमाव जाहीर करून हॉल रिकामा करावा लागला. रोज तसं नसतं. पण ईमेल येतात, त्यांत तुझ्या आडनावावरूनही येतात. ताई असली ईमेलं वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायच्या आणि ते नवऱ्याला वाचू द्यायच्या नाहीत. मला ते चूक वाटायचं. घरात एकानं तरी वाचावं.

मतदान ४५ दिवस आधी सुरू होतं, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धातच लोक मत देऊन मोकळे होऊ लागतात. दिवाळीत प्रचाराचा बार उडवू म्हणशील तर उशीर झालेला असेल. शेवटच्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सात दारापासून चाळीस फुटांच्या रेघेबाहेर उभं राहायचं असतं. दोन जोड मोजे घाल.

एवढं वाचून चीड शिल्लक असेल तर पुढच्या बोर्डाच्या मीटिंगला ये, मी मागच्या रांगेत जागा धरते. तीन क्लिपबोर्ड माझ्याकडे आहेत, ते घेऊन जा. निळ्याची क्लिप सैल आहे, वाऱ्यात कागद उडतात. त्याला केसांचा चाप लाव, आम्ही तेच करायचो.

तुझी,
खजिनदार काकू