आधी माणूस, मग कागद

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर देतो आहे, कारण ते वाचून मला माझाच राग आला. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीवर तू प्रदर्शन मांडते आहेस आणि त्यात कोणाच्या आठवणी जपाव्यात, असे विचारतेस: १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांच्या, की फाळणीनंतर त्याच बराकींत येऊन उतरलेल्या आणि त्या जागेचे गांधीनगर करणाऱ्या सिंधी कुटुंबांच्या, ज्यांत तुझी आजीही होती. प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला आहेस. आधी माणूस, मग कागद. जो माणूस आज समोर बसून बोलू शकतो, त्याचे आज लिहून घ्यायचे. वाटणी पुढे कोणीही करील.

पोलिश लोकांची बाजू त्यांनी स्वतःच बरीच जपली आहे. सोव्हिएत राजवटीने १९४० पासून पूर्व पोलंडातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलेली ही माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात आली. त्यांनी बराकींच्या त्या रांगांमध्ये शाळा, चर्च, नाटके, स्काउट पथके असा अख्खा गाव उभा केला. १९४६ मध्ये जामनगरजवळची बालाचडीची पोलिश मुलांची छावणी मिटली, तेव्हा तिथली मुलेही इकडेच आली. युद्ध संपले खरे, पण त्यांतल्या बहुतेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती; त्यामुळे परत जायचे ते कुठे, हा प्रश्न युद्धानंतरच खरा उभा राहिला, आणि कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला असे करत सगळे पांगले. पांगूनही त्यांनी संघटना बांधली आणि आठवणी छापल्या. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, वॉर्सातही आहे, आणि २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन अभिवादन केले.

पण त्यांच्या दारात दूध कोण घालत होते?

तिशीत असताना मी चार उन्हाळे दफ्तरखान्यात काढले. छावणीत दूध घालणारी एक म्हातारी उचगावात आहे, असे मला कोणीतरी सांगितले होते. हातातले दप्तर संपले की जाईन, असे मी ठरवले, आणि गेलो तेव्हा तिच्या तेराव्याची पंगत बसली होती. सून म्हणाली, ‘सासूबाई दुधाचा हिशेब पोलिश आकड्यांत करायच्या.’ आमच्या करवीरच्या बोलीत ते आकडे कसे वाजत असतील, हे आता कोणत्याही दफ्तरात सापडायचे नाही. माझी ती चार वर्षे वाया गेली, असे मात्र मी कोणाला म्हणू देणार नाही. माझ्या टिपणांवर पुढे दोघा-तिघांनी काम केले, आणि कागद वाचल्यावाचून काय विचारायचे तेही कळत नाही. तरीही, आधी माणूस. कागदाला वाळवी लागली, तर निदान एखादी प्रत कुठेतरी सापडण्याची आशा असते.

तुझ्या पत्राची दोन पाने प्रदर्शनाचे नाव आणि बोधचिन्ह यांवर खर्च झाली आहेत आणि आजीविषयी तीन ओळी आहेत. हे मला आवडलेले नाही. तिला ‘कसे वाटले’ असे विचारू नकोस. त्याचे उत्तर माणसे पाहुण्याला द्यावे तसे देतात. नळ कुठे होता, चूल कुठे मांडली, दोन कुटुंबांच्या मध्ये कशाचा आडोसा होता, आधीच्या लोकांचे भिंतीवर काही राहिले होते का, हे विचार. ती सिंधी शब्द बोलली, तर तो तसाच लिही आणि अर्थ बाजूला मांड. तिचे आणि तिच्या भावाचे सांगणे जुळले नाही, तर दोन्ही ठेव; जुळवण्याची घाई मी एकदा केली आणि त्या नोंदीत कोणाचे काय होते, हे आज मलाच सांगता येत नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन आजीला बरे वाटले की बसू, असे तू लिहितेस. बोलायला डोळे लागत नाहीत. येत्या रविवारी बस. पंख्याचा आवाज आला तरी चालेल, ध्वनिमुद्रण मला ऐकव. माझ्या तीन वह्या बांधून ठेवल्या आहेत. त्या न्यायला येशील तेव्हा तेराव्याच्या दिवशी लिहिलेले पान आधी काढून वाच.

तुझा,
एक म्हातारा मास्तर