टेक्सासच्या वीजकेंद्रात आणीबाणीच्या रात्री शब्द कोणाचा चालतो

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून ह्यूस्टनजवळच्या गॅसकेंद्रात, तेही पर्यावरण विभागातच, जायचं ठरवताना तुम्ही अगदी नेमकं विचारलं आहे: ग्रिड कोसळायला आली तर प्रदूषणाच्या परमिटची मर्यादा ओलांडून संच चालवता येतो का, आणि ते ठरवतं राज्य की केंद्र? याचं उत्तर रुजू होण्याआधीच पक्कं हवं. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये कायदा उघडून बसायला कुणालाच सवड नसते.

एरवीचा कारभार राज्याकडे असतो. क्लीन एअर अ‍ॅक्ट केंद्र सरकारचा आणि निकष ईपीएचे (केंद्रीय पर्यावरण संस्था), पण परमिट, तपासणी आणि दंड टेक्सासमध्ये टीसीईक्यू, म्हणजे राज्याची पर्यावरण संस्था, पाहते. आपल्याकडच्या केंद्रीय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळांसारखीच (सीपीसीबी आणि एमपीसीबी) ही वाटणी समजा. फरक आणीबाणीत पडतो. आपल्याकडे वीज कायदा 2003च्या कलम 11खाली सरकार वीजकेंद्र चालवायला लावू शकतं. मे 2022मध्ये आयात कोळशावरच्या केंद्रांना तसा आदेश निघाला होता. पण त्या कलमात प्रदूषणाच्या नियमांतून सुटका नाही. अमेरिकेत ती आहे, आणि ती केंद्र सरकारच्या हातात आहे.

फेडरल पॉवर अ‍ॅक्टच्या कलम 202(सी)खाली केंद्रीय ऊर्जा खातं आणीबाणीत वीजनिर्मितीचा हुकूम देऊ शकतं. पूर्वी त्यात मोठी खोच होती. ऑगस्ट 2005मध्ये आसपासच्या हवेचे निकष मोडत असल्याचं व्हर्जिनिया राज्याने बजावल्यावर अलेक्झांड्रियाचं पोटोमॅक रिव्हर हे कोळशाचं केंद्र बंद झालं. नदीपलीकडच्या वॉशिंग्टनचा पुरवठा धोक्यात आला, म्हणून डिसेंबरमध्ये ऊर्जा खात्याने तेच केंद्र चालवायला लावलं. अशा वेळी हुकूम मोडला तरी गुन्हा, आणि पाळला तर राज्याचा दंड किंवा नागरिकांचा दावा. डिसेंबर 2015च्या दुरुस्तीने ही कात्री सोडवली: हुकूम पाळताना केंद्र सरकारचा, राज्याचा किंवा स्थानिक पर्यावरण कायदा मोडला गेला तरी तो भंग धरत नाहीत. बदल्यात हुकूम गरजेच्या तासांपुरताच असावा, प्रदूषण शक्य तितकं कमी राहावं, आणि 90 दिवसांत तो संपावा, अशी बंधनं घातली. त्यानंतर नव्याने मुदतवाढ मिळू शकते.

‘टेक्सासची ग्रिड वेगळी, तिथे वॉशिंग्टनचं चालत नाही’ असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. या कलमापुरतं ते चूक आहे. 14 फेब्रुवारी 2021ला, हिमवादळात, टेक्सासची ग्रिड चालवणाऱ्या अर्कॉट या संस्थेच्याच विनंतीवरून ऊर्जा खात्याने असा हुकूम काढला. डिसेंबर 2022 आणि सप्टेंबर 2023मध्येही काढला.

आता कामाचं. अर्कॉटच्या डेस्कवरून ‘लोड वाढवा’ असा फोन आला, एवढ्याने मर्यादा ओलांडायची मुभा मिळत नाही. हुकमाचा कागद समोर हवा. त्यात चार गोष्टी पाहा: जोडलेल्या यादीत तुमच्या संचाचं नाव आहे का, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ कोणत्या टाइम झोनमध्ये लिहिली आहे, ग्रिडच्या आणीबाणीची कोणती पातळी जाहीर झाल्यावर तो लागू होतो, आणि नेमक्या कोणत्या मर्यादेला सूट आहे. यादीत नाव येण्यासाठी कंपनीने आपली ‘परमिटमुळे अडकलेली’ (मर्यादेमुळे एरवी वापरता न येणारी) क्षमता किती मेगावॉट आहे हे अर्कॉटला आधीच कळवलेलं असावं लागतं. हा आकडा हाताशी नसतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मर्यादा का ओलांडली जाते, तेही ओळखून ठेवा. गॅसचा दाब पडला की दुहेरी इंधनाचं टर्बाइन डिझेलवर जातं आणि नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) वाढतं. वारंवार बंद-चालू झाल्याने एससीआरचा (अमोनिया वापरून नॉक्स कमी करणाऱ्या यंत्रणेचा) कॅटॅलिस्ट तापत नाही, त्यामुळे अमोनिया सोडूनही उपयोग नसतो. रस्ते गोठले की अमोनियाचा टँकर पोहोचत नाही. सेम्सची (धुराड्यातलं उत्सर्जन सतत मोजणाऱ्या यंत्रणेची) सॅम्पल लाइन गोठली तर त्या तासांसाठी ईपीएच्या पार्ट 75 या नियमाने पर्यायी आकडे भरावे लागतात, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा चढेच येतात. म्हणून हीट ट्रेसिंगची (नळ्या गोठू नयेत म्हणून तापवणाऱ्या तारांची) तपासणी नोव्हेंबरातच उरकून घ्या.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे 30 दिवसांची फिरती सरासरी. हुकूम पाच दिवसांत संपतो, पण त्या पाच दिवसांचं नॉक्स पुढचे कित्येक दिवस सरासरीत राहतं, आणि मर्यादा हुकूम संपल्यावर ओलांडलेली दिसते. सरासरी पहिल्या तासापासूनच दोन प्रकारे काढा, हुकमाचे तास धरून आणि वगळून. नंतर पुरावा म्हणून तेच उपयोगी पडतं.

सूट मिळाली तरी नोंद आणि अहवाल टळत नाहीत. टीसीईक्यूच्या नियमाप्रमाणे कळवण्याजोगी उत्सर्जन-घटना समजल्यापासून 24 तासांत पहिली सूचना, आणि घटना संपल्यापासून दोन आठवड्यांत अंतिम नोंद द्यायची असते. हे सगळं स्टीअर्स या ऑनलाइन प्रणालीतून होतं. टायटल फाइव्ह परमिटचा (केंद्र चालवण्याच्या मुख्य हवा-परवान्याचा) सहामाही विचलन-अहवाल वेगळा. शिवाय असे हुकूम उत्सर्जनाची फी भरण्यातून, किंवा त्यासाठीचे ऑफसेट वा अलाउन्स (भरपाईचे आणि उत्सर्जनाचे हक्क) विकत घेण्यातून सुटका देत नाहीत, हे त्यांतच लिहिलेलं असतं.

दोन कागद मात्र याच्याशी गल्लत करून वाचू नका. गव्हर्नर आपत्ती जाहीर करून राज्याचे नियम स्थगित करू शकतात, केंद्र सरकारचे नाही. ईपीएचं ‘कारवाई करणार नाही’ असं पत्र (2017च्या इर्मा वादळात फ्लोरिडाला मिळालं होतं) फक्त ईपीएला बांधतं. नागरिकांचा दावा त्याने अडत नाही.

टायटल फाइव्ह परमिट सार्वजनिक असतं. निघण्याआधी तुमच्या केंद्राचं परमिट उतरवून घ्या आणि प्रत्येक संचापुढे तासाची, 24 तासांची, 30 दिवसांची आणि वर्षाच्या चालू-तासांची मर्यादा एका तक्त्यात मांडा. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच विचारा, की मध्यरात्री स्टीअर्सवर सही करायचा अधिकार कोणाला आहे आणि तो माणूस रजेवर असेल तर कोणाला.