माउथपीसचे १८ हजार थोडे थांबू द्या

नमस्कार भाऊ,

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा अकरावीत आहे, गावच्या बँडपार्टीत तीन वर्षांपासून क्लॅरिनेट वाजवतो. यंदा त्यानं जुना सोप्रानो, म्हणजे उंच सुराचा छोटा सॅक्सोफोन घेतला. वरचे सूर किंचाळतात, म्हणून बँडमास्तर धातूचा १८ हजारांचा माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) घ्यायला सांगतात. कापसाचा चुकारा आला आहे, तो यात घालू का, आणि या वाजवण्यात पोराचं भविष्य आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

आज १८ हजार काढू नका. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं आहे की तो घरातली क्लॅरिनेटचीच रीड, म्हणजे माउथपीसला बांधायची थरथरणारी पातळ पट्टी, लावतो. दोष बहुधा तिथेच आहे. क्लॅरिनेटची रीड किंचित अरुंद असते. ती सोप्रानोच्या माउथपीसच्या दोन्ही कडा नीट झाकत नाही, फटीतून हवा निसटते आणि सूर चिरकतो. आधी सोप्रानोच्याच, दोन किंवा अडीच नंबरच्या (नंबर म्हणजे रीडचा कडकपणा) दोन-तीन रीड आणा.

नवी रीड भिजवून लावली की माउथपीस वाद्यातून काढायला सांगा. मागचं भोक तळहातानं घट्ट बंद करायचं, पुढून हवा ओढून घ्यायची आणि तोंड बाजूला करायचं. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग ‘टप्’ करून सुटली, तर कडा शाबूत आहेत. लगेच सुटत असेल, तर माउथपीस उजेडात धरून टोकाची कड नखानं चाचपा. तिथे टवका उडालेला असेल तर तो माउथपीस बदलावाच लागेल.

मग नुसताच माउथपीस फुंकून फोनवरच्या ट्यूनरमध्ये (सूर दाखवणारं ॲप) सूर बघा. सोप्रानोला तो वरच्या ‘सी’ (C) या सुराच्या आसपास यायला हवा. तुमच्या मुलाचा त्याहून वर जाईल असा माझा अंदाज आहे, कारण क्लॅरिनेटवाल्या पोरांना ओठ आवळायची सवय असते. मीही शाळेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो, ही सवय सुटायला मला अख्खा पावसाळा लागला होता. सोप्रानोला जबडा सैल लागतो आणि वाद्य क्लॅरिनेटपेक्षा थोडं पुढे धरावं लागतं. हे जमलं नाही तर कितीही महागाचा माउथपीस बेसूरच वाजेल, कारण सगळ्या सॅक्सोफोनांत सोप्रानो सुराला फार नाजूक.

एवढं करूनही नवा लागलाच, तर एबोनाइटचा (कडक काळ्या रबराचा), रीड आणि टोक यांमधली फट लहान ते मध्यम असलेला घ्या. सेल्मरचा सी-स्टार शिकणाऱ्याला चांगला; यामाहाचा ४सीही चालेल, पण तो एबोनाइटचा नसतो. आवाज धातूमुळे मोठा होतो हा समज चुकीचा आहे. माउथपीसच्या आतली पोकळी लहान आणि टोकामागचा आतला चढ उंच असला की आवाज धारदार होतो. वरातीत तो लांबवर जातो हे खरं, पण असा माउथपीस शिकणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. एबोनाइट मात्र उन्हात ठेवू नका आणि गरम पाण्यानं धुऊ नका, ते हिरवट पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारच्या लग्नात दोन गाण्यांच्या मधेसुद्धा टोपण लावायची सवय लावा, रीडही वाकडी होणार नाही.

आता भविष्याचं. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनच्या जागा निघतात, त्यांना दहावी पास चालतं, पण मैदानी आणि लेखी परीक्षा असतेच. लष्कराचेही बँड आहेत, त्यांचं संगीत प्रशिक्षण पचमढीला होतं, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. पण अशा बँडांत सोप्रानोला जागा क्वचितच मिळते. तिथे क्लॅरिनेट लागतो, आल्टो आणि टेनर हे सोप्रानोपेक्षा मोठे सॅक्सोफोन लागतात. म्हणून क्लॅरिनेट सोडू देऊ नका, पोटापाण्याचं वाद्य तेच आहे. सोप्रानो त्यानं आवडीनं वाजवावा, फक्त बारावी चुकवू नये. चुकाऱ्यातले पैसे बाजूला ठेवायचेच असतील तर नोटेशन (कागदावर लिहिलेले सूर) वाचायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या फीसाठी ठेवा. निवड चाचणीत समोर ठेवलेला कागद वाचून वाजवता आलं तर तो तिथेच पुढे निघेल.

रीड बदलून पंधरा दिवस वाजवू द्या आणि ट्यूनरवर कुठला सूर दिसला ते मला कळवा. माउथपीसवर काही नंबर कोरलेला असेल तर तोही लिहा, मग घ्यायचा की नाही ते मिळून ठरवू.