जुना टॅबलेट आणि स्वॅप फाइल

प्रश्न : माझ्या जुन्या अँड्रॉइड टॅबलेटमध्ये १ जीबी रॅम आहे. रूट करून (म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून) एका अ‍ॅपने १ जीबीची स्वॅप फाइल केली. आता टॅबलेट मधूनमधून गोठतो, बॅटरीही भराभर उतरते. फाइल २ जीबी केली तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण उलटा. रॅम भरली की सिस्टिम तिच्यातल्या डेटाचे ४ केबीचे तुकडे, म्हणजे ‘पाने’, स्टोरेजवरच्या स्वॅप फाइलमध्ये टाकते आणि लागतील तेव्हा परत आणते. रॅममधला डेटा साधारण शंभर नॅनोसेकंदांत हाती येतो. जुन्या ईएमएमसी चिपमधून, म्हणजे टॅबलेटच्या आतल्या स्टोरेजमधून, तेच पान आणायला हजारो पट वेळ जातो. शिवाय ही चिप एका वेळी एक तर वाचते, नाहीतर लिहिते. स्वॅपचे लिखाण चालू असताना उघडलेल्या अ‍ॅपला स्वतःच्या फाइलसाठीही ताटकळावे लागते. टॅबलेट गोठतो तो इथेच. स्वॅप नसता तर अँड्रॉइडने मागचे अ‍ॅप सरळ बंद केले असते. ते पुन्हा उघडायला काही सेकंद गेले असते, एवढेच.

झिजेचा मुद्दा याहून गंभीर. फ्लॅशमध्ये, म्हणजे अशा चिपमधल्या मेमरीत, ४ केबी बदलायचे म्हटले तरी पुसावा लागतो तो शेकडो केबींचा किंवा त्याहून मोठा ब्लॉक, आणि ब्लॉक किती वेळा पुसता येतो याला मर्यादा असते. स्टोरेज काठोकाठ भरलेले असेल तर पुसण्याचे हे काम आणखी वाढते. चिप बोर्डावर सोल्डर केलेली असल्याने ती बदलणे बहुधा परवडत नाही.

फाइल एसडी कार्डावर हलवणे हा तर सर्वांत वाईट पर्याय. कार्डावरचा ‘क्लास १०’ हा आकडा सलग लिखाणाचा वेग सांगतो. विखुरलेल्या छोट्या लिखाणात तो वेग मिळत नाही. चालू स्वॅप असताना कार्ड निघाले, तर अ‍ॅप्स कोसळतात.

फाइल काढताना घाई नको. स्वॅप बंद करताना त्यातली सगळी पाने रॅममध्ये परत यावी लागतात; जागा नसेल तर टॅबलेट तिथेच अडकतो. म्हणून आधी त्या अ‍ॅपमधला ‘बूटवेळी सुरू करा’ हा पर्याय काढा, टॅबलेट रीस्टार्ट करा आणि मगच फाइल हटवा. स्टोरेजचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बॅकग्राउंड प्रोसेसची मर्यादा दोनवर आणा. रीस्टार्टनंतर ती पुन्हा लावावी लागते.

टॅबलेटच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) सोय असेल तर झेडरॅम वापरा. २०१३च्या अँड्रॉइड ४.४पासून कमी रॅमच्या उपकरणांसाठी त्याची शिफारस आहे. यात पाने दाबून (कॉम्प्रेस करून) रॅममध्येच ठेवतात, त्यामुळे फ्लॅश झिजत नाही. प्रोसेसरवर मात्र थोडा बोजा पडतो. तुमच्या टॅबलेटला २५६ एमबी पुरे.

प्रश्न : विंडोज टॅबलेटमध्ये २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी आहे. जागेसाठी पेजफाइल (विंडोजची स्वॅप फाइल) बंद करू का?

उत्तर : नको. विंडोज प्रोग्रॅमना मेमरी देताना रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज धरते. पेजफाइल काढली की ही मर्यादा २ जीबीच्या आसपास येते आणि ब्राउझरचे काही टॅब उघडताच ‘मेमरी अपुरी’ असा संदेश येतो. आकार विंडोजवर सोपवा. जागा हवीच असेल तर डिस्क क्लीनअपमधून जुन्या अपडेटच्या फाइल्स काढा. तिथे बहुधा पेजफाइलपेक्षा जास्त जागा सुटते.